बाहेर बसलेली विहीर

काल आमच्या आळीतल्या विहिरीत औषध पडलं. आरोग्यखात्याचा माणूस सकाळीच सायकलवरून आला. त्याने कागदाची पुडी सोडली, काळपट जांभळे खडे बादलीत ढवळले आणि बादली विहिरीत उलटी केली. शहापुरात आता याचं कुणाला फारसं काही वाटत नाही. बायका काठावर गप्पा मारत उभ्या होत्या. पाणी जरा हललं, गुलाबी झालं आणि पहिल्या बाईने पोहरा सोडलासुद्धा. "आज लाल पानी हाय गो, पोरांची अंगडी नका भिजवू त्यात," एवढंच काय ते एक जण म्हणाली. मी खिडकीत शाळेचे पेपर तपासत बसलो होतो. त्यानंतर एकही पेपर तपासून झाला नाही.

वैशाख आला की माझं असं होतं. माहुलीच्या डोंगराच्या अंगाने शेतातले राब भाजल्याचा वास येतो. करवंदं घेऊन बायका दारावर येतात. परीक्षा संपलेली मुलं आंब्यांखाली दगड मारत फिरतात. सगळीकडे असं मोकळं मोकळं असताना माझ्या मनात मात्र एक विहीर गुलाबी होऊन बसते आणि चार दिवस जागची हलत नाही. आता लढाई संपली, स्वराज्य आलं, मीही चाळशी लावायला लागलो. ती विहीर तशीच आहे.

मी कॉलेजात जेमतेम दोन वर्षं काढली. मुरबाडच्या पलीकडच्या आमच्या गावातून तोवर कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं, त्यामुळे ती दोन वर्षं गावाला दहा वर्षांसारखी वाटली असावीत. पहिल्या वर्षी शनिवारी सकाळी आम्हांला एक जादा तास असे. परीक्षेला त्यातलं काहीच येत नसे, म्हणून निम्मा वर्ग दांडी मारी. आमच्या प्रोफेसरांनी तो आपल्या हौसेने चालवला होता आणि दर शनिवारी फळ्यावर ठळक अक्षरांत त्याचं नाव लिहीत: 'रोजच्या जगण्यातले रसायन'. साबण मळ कसा काढतो, लोखंड का गंजतं, पीठ का आंबतं, चुना पाण्यात टाकला की का उकळतो. सर उंच, सडपातळ आणि कायम खडूने माखलेले. "तुमच्या आईचं स्वयंपाकघर ही तुमची पहिली प्रयोगशाळा," असं ते वारंवार म्हणत. आमच्या घरी स्वयंपाकघर म्हणजे मातीची चूल, दोन मडकी आणि एका कोपऱ्यात व्यायलेली शेळी. पण सरांचं म्हणणं मला मनापासून पटे. इतकं पटे की शनिवारचा तास संपला की जगात न समजण्यासारखं काही उरलंच नाही, असं वाटून मी वसतिगृहाच्या जिन्यावरून दोन दोन पायऱ्या सोडून उतरत असे. एकोणीस वर्षांचं वय, दुसरं काय.

पोटॅश परमँगनेटचा तास मला अजून दिसतो. सरांनी काचेचं मोठं भांडं पाण्याने भरलं आणि चिमटीतून एकच कण वरून सोडला. तो खाली जाताना मागे जांभळा धागा सोडत गेला. धागा पसरला, विरला आणि सगळं पाणी गुलाबी झालं. मागच्या बाकावर चुळबुळ करणारी मुलंही गप्प झाली. मग सरांनी त्यात लिंबू पिळलं. हळूहळू रंग गेला, पाणी होतं तसं दिसू लागलं. "रंग गेला, म्हणजे औषध आपलं काम करून संपलं," सर म्हणाले. "आणि रंग टिकला, तर समजा की पाण्यात मारण्यासारखं आता काही उरलं नाही. विहीर गुलाबी दिसते आहे तोवर निर्धास्त प्या." हे वाक्य मी पाठ केलं. पाठ करण्याजोगंच होतं ते.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी निघालो तेव्हा लढाई ऐन भरात होती. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून कल्याणहून मुरबाडला जाणाऱ्या मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बांधली होती. कोळसा आमच्याच जंगलातला. क्लीनर पंख्याचा दांडा फिरवून फिरवून ती पेटवी, मग कुठे मोटार कण्हत पुढे सरके. चढ लागला की आम्ही सगळे उतरून चालत असू. शेजारच्या शेतकऱ्याला मी कोळशापासून गॅस कसा होतो आणि त्यावर इंजिन कसं चालतं, ते रस्ताभर समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या चढाला खाली उतरताना म्हणाला, "येवढं समदं ठावं हाय, मंग चढत का नाय रे ही?"

घरी आई आणि वहिनी. वडील मी लहान असतानाच गेले होते. थोरला भाऊ, दादा, कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर होता. लढाईमुळे घाटातून गाड्या रात्रंदिवस धावत होत्या आणि त्याला महिनामहिना घरी येणं जमत नसे. तेव्हा त्या वैशाखात घरात पुरुष म्हणावा असा मीच, आणि माझ्या हाताला धड औतही धरता येत नव्हतं.

वहिनीचं माहेर उंबरमाळीचं. तिचा बाप रुळावर गँगमन. लग्न होऊन सहा वर्षं झाली होती आणि तिला मूलबाळ नव्हतं. गावात याचा उल्लेख कुणी तिच्या तोंडावर करत नसे, पण बारशाला बोलावणं आलं की ते आईच्याच नावाने येई. महिन्यातले ते चार दिवस आले की वहिनी बाहेर पडवीत बसे. चुलीला, पाण्याच्या मडक्यांना तिने शिवायचं नाही. शेतावरचं काम सुटत नसे, पण संध्याकाळी घरातलं काही करायचं नसल्यामुळे तेवढीच तिला सवड मिळे. वर्षभरात मी कधीही सुट्टीला आलो की त्या चार संध्याकाळी ती मला हटकून विचारी, "भावजी, काय काय शिकिवलं ते सांगा की."

मी पडवीच्या पायरीवर बसून सांगत असे. तिच्यापासून हातभर लांब, कारण शिवायचं नाही. राखेने कपडे का निघतात ते सांगितलं. हळदीत चुना कालवला की लाल का होतं, ते सरांनी सांगितल्याबरहुकूम सांगितलं. ती हसून म्हणाली, "आवो, कुंकू तसंच करत्यात. माझी आजी करायची." मग म्हणाली, "पन का व्हतं त्ये कुनी सांगितलं नव्हतं. आज कळलं." तिला कळलं की तिचा चेहरा असा काही उजळे की पुढच्या शनिवारचा तास मी तिच्यासाठीच ऐकत असे. आई आतून ओरडे, "गोप्या, तिला पंडित करून दादाच्या डोस्क्यावर बशिवतोस का?" आणि वहिनी तोंडाला पदर लावून हसे.

वैशाखात आमच्याकडे राबाची घाई. ज्या तुकड्यात भाताचं बी पेरायचं, त्यावर शेण, पालापाचोळा, झाडांच्या तोडलेल्या फांद्या पसरायच्या, वर मातीचा हात फिरवायचा आणि सगळं जाळून काढायचं. बायकांच्या रांगा डोक्यावर भारे घेऊन सकाळपासून जात. दुपारी माळावर नुसता धूर आणि ऊन. या सगळ्या धांदलीत धसईच्या बाजाराहून बातमी आली की तिकडे पटकी लागली आहे. गावात तिला वाखा म्हणत, तेही आवाज खाली करून. धसईला चार माणसं गेली म्हणे. कुणी म्हणालं सात.

दोन दिवसांत सरकारी माणूस औषधाचा डबा घेऊन गावात आला. त्याला बादली भरून देणारा मीच. गावाची विहीर एकच, चांगली दगडी बांधणीची, ऐन वैशाखातही कमरेभर पाणी असलेली. मी वाकून बघत राहिलो. सरांच्या भांड्यातला तोच धागा, फक्त शंभरपट मोठा, खाली खाली उतरला आणि विहीरभर गुलाबी पसरला.  कॉलेजातलं काहीतरी माझ्या आधी चालत गावात येऊन पोचलं होतं. सरकारी माणूस सही घेऊन पुढच्या गावाला गेला.

संध्याकाळी बायका हंडे घेऊन आल्या. पुढे बायजाकाकू, गावातली सगळ्यांत वयस्क सवाष्ण. बाळंतपणापासून मयतापर्यंत बायकांच्या सगळ्या गोष्टी तिच्या शब्दाने चालत. तिने विहिरीत डोकावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पदर सारखा केला, मागे वळून हळू आवाजात काहीतरी म्हणाली, शेजारची निरगुडीची एक डहाळी मोडली आणि विहिरीच्या काठावर आडवी ठेवली. सगळ्या बायका रिकामे हंडे घेऊन माघारी फिरल्या. कुणी घाबरलं नव्हतं, कुणी कुरकूर केली नाही. एखाद्या घरी कुणी निजलेलं असावं आणि पाहुण्यांनी पाय न वाजवता परतावं, तशा त्या गेल्या. ओढ्याच्या वाळूत डवरे खणले होते. त्यात पाझरलेलं पाणी वाटीवाटीने हंड्यात भरून त्यांनी घरी नेलं. आणि त्याच ओढ्याच्या वरच्या अंगाला धसईच्या बाजाराची माणसं, गुरं उतरत होती.

मला वाटलं, रंगाला भ्यायल्या असतील. मग काय विचारता. पारावर जाऊन मी पुरुषांना व्याख्यानच दिलं. औषध म्हणजे काय, ते किडा कसा मारतं, रंग का येतो, सगळं. पुरुषांनी माना डोलावल्या. पोलीस पाटील म्हणाले, "बराबर हाय तुझं. शिकलेला माणूस तू." मी म्हणालो, मग घरी सांगा. ते विडी पेटवत म्हणाले, "पान्याचं बायकांकडं. त्यात आमी नाय बोलत." आणि सगळे एकदम राबाच्या गोष्टी बोलू लागले. मला काहीतरी कळलेलं नाही एवढं कळलं, पण काय ते विचारावं कुणाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःच घागर घेऊन गेलो. डहाळी बाजूला सारली, पाणी शेंदलं, घरी आणलं. आईने ते पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. तिने ती घागर अंगणाबाहेर नेऊन ओतली, चुलीतली राख घेतली आणि घागर आतून-बाहेरून तीनदा घासली. मी तोवर तांब्याभर पाणी बाजूला काढून ठेवलं होतं. म्हटलं, आईला प्रयोगच दाखवावा. रंगाचंच भय असेल तर रंग घालवता येतो. मी कैरी ठेचली आणि तिचा रस तांब्यात पिळला. सरांच्या लिंबाइतकं झटपट नाही, पण बघता बघता गुलाबी फिकं झालं, गेलं, पाणी निवळलं. मी विजयी मुद्रेने तांब्या पुढे केला.

आईने कपाळावर हात मारून घेतला. "चार दिस व्हायच्या आदीच?" ती म्हणाली. "काल बसली नि आज तिला न्हाऊ घालतोस? तुला कशाची म्हणून समज नाय का रे?"

तिचे डोळे भरून आले होते. मी तांब्या हातात घेऊन उभा राहिलो. कोण बसली, कुणाला न्हाऊ घातलं, मला काहीच उमगलं नाही.

निदान ओढ्याचं पाणी उकळून घ्या, एवढी विनवणी मी आईकडे केली आणि तिने ती ऐकली. राबासाठी आणलेल्या फांद्यांतल्या चार फांद्या तिने चुलीत घातल्या. घरात उकळलेलं पाणी आलं. ते कोमट, धुरकट पाणी पिताना आई तोंड वाकडं करी, पण पिई. मला जरा धीर आला.

त्याच संध्याकाळी मी वहिनीच्या मागोमाग शेताकडे गेलो. ती राबावर पाचोळा पसरत होती. मी विचारलं, "वयनी, आय असं का बोलली?" तिने मान वर केली नाही. पाचोळा पसरत पसरतच तिने सांगितलं, जसं एका बाईने पुरुषाला सांगावं तसं, अर्धं शब्दांत आणि अर्धं गप्प राहून. विहिरीत साती आसरा, पाण्यातल्या सात देवी, असतात. त्या बायाच. पाणी तांबडं झालं म्हणजे विहीर बाहेर बसली. मग चार दिवस तिला शिवायचं नाही, तिच्यात हंडा बुडवायचा नाही. पाचव्या दिवशी तिला न्हाऊ घालायचं, मगच पाणी भरायचं. बायजाकाकूने लहानपणी एकदा असंच गढूळ तांबडं पाणी आलेलं पाहिलं होतं, तेव्हाही गावाने चार दिवस पाळले होते.

 माझ्याजवळ त्या रंगाचं सगळं उत्तर होतं आणि ते नेमकं अशा जागी अडलं होतं जिथे पुरुषाने तोंड उघडायचं नसतं. पारावरच्या माना का डोलल्या आणि विषय का बदलला ते आता कळलं. सर म्हणाले होते, गुलाबी आहे तोवर निर्धास्त प्या. आणि गावात गुलाबी आहे तोवरच शिवायचं नव्हतं. औषध संपून पाणी निवळलं की मग सगळ्या जणी हंडे घेऊन येणार होत्या. इतकी नेमकी उलटी गाठ मी पुढे आयुष्यात दुसरी पाहिली नाही.

"वयनी, तुला तरी पटतं ना, की ते औषध हाय?" मी विचारलं.

"पटतं की. आमच्या तिकडं रेल्वेच्या टाकीत टाकायचे. आमी पोरी तांबडं पानी प्यायचो नि जीभ दावायचो एकमेकींना."

"मंग तू बोल बायकांत. तू पुढं होऊन एक हंडा भर. मी बोलू शकत नाय, तू बोलू शकतेस."

ती हातातला पाचोळा टाकून उभी राहिली. "भावजी," ती म्हणाली, "मला पटून काय उपेग? उद्या मी हंडा भरला नि परवा गावात वाखा आला, तर कुनाच्या नावानं बोटं मोडतील? आदीच माझी वटी रिकामी. माझ्या हातानं विहिरीला शिवलेलं कोन सोशील?" मग जरा हसल्यासारखं करून म्हणाली, "आनि खरं सांगू, तिलाबी वाटत असंल, चार दिस कुनी हंडा बुडवू नये. बसू द्या तिला. चार दिसांचा तर सवाल हाय."

 सूर्य मावळतीला आला होता. भारे आणणाऱ्या बायका ओढ्याच्या डवऱ्याशी टेकल्या होत्या, एकच वाटी सगळ्या जणींत फिरत होती. त्यांनी वहिनीला हाक मारली. ती गेली, त्यांच्यात बसली, आणि तिच्या हातात आलेली वाटी तिने तोंडाला लावली. ती माझ्याकडे पाहत नव्हती. न पिऊन तिने सांगायचं तरी काय होतं? मी हाक मारली नाही असं नाही. "वयनी, घरी चल, पानी उकळलंय," असं ओरडलो. बायका हसल्या. एक म्हणाली, "दीर लई जपतो गो तुला." वहिनीने वाटी खाली ठेवली तेव्हा ती रिकामी होती.

चौथ्या दिवशी पहाटे तिला उलट्या-जुलाब सुरू झाले. त्या सकाळी गावात आणखी दोन घरांतून रडण्याचे आवाज येऊ लागले. मुरबाडच्या डॉक्टरकडे मी धावतपळत गेलो, तर डॉक्टर धसईकडे गेलेले. कंपाउंडरने एका बाटलीत काहीतरी औषध दिलं आणि दारातूनच हात जोडले. मी परत आलो तेव्हा वहिनी ओळखू येत नव्हती. डोळे आत गेलेले, गालफडं बसलेली, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. पहाटेपासून दुपारपर्यंत एका माणसाचं असं होऊ शकतं, हे मला कुणी कधी शिकवलं नव्हतं.

ती पाणी मागत होती. तिकडे तेव्हा सगळेच मानत, की वाखा झालेल्याला पाणी पाजलं की तो जातो. जितकं पाजाल तितकं पडेल. आई तिच्या ओठांना ओला फडका लावत होती आणि फडका चोखायला लागली की काढून घेत होती. घामात, रक्तात मीठ असतं, असं सर एका शनिवारी म्हणाले होते. इस्पितळात शिरेतून मिठाचं पाणी देतात, असंही म्हणाले होते. किती मीठ, कसं पाणी, कुठल्या शिरेतून, ते म्हणाले नव्हते, किंवा म्हणाले असतील आणि मी ऐकलं नसेल. मी आईशी भांडून पेलाभर उकळलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ घातलं आणि तिला पाजलं. तिने ते सगळं ओकून टाकलं. आईने माझ्या हातातून पेला काढून घेतला. माझ्या डोक्यात साबण होता, चुना होता, गंज होता, कोळशाचा गॅस होता. मी पडवीच्या खांबाला टेकून बसलो आणि रडलो.

दुपार कलली तेव्हा वहिनी स्पष्ट आवाजात म्हणाली, "आत्या, विहिरीचं आना. थंड आसतं त्ये."

आई उठली.  तिने कोपऱ्यातली घागर घेतली, पदर खोचला आणि भर उन्हात विहिरीकडे चालू लागली. मी तिच्या मागे गेलो. प्रत्येक दारात बाई उभी होती. बायजाकाकू आपल्या ओसरीवरून म्हणाली, "उद्या पाचवा हाय गो. येक दिस थांब." आई थांबली नाही. तिने निरगुडीची सुकलेली डहाळी दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवली. पोहरा सोडण्याआधी विहिरीत वाकून म्हणाली, आणि मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं, "बाय, तुझा इटाळ माझ्या अंगावर. माझ्या सुनंला पानी दे."

पाणी फिकं झालं होतं. पेल्यात घेतलं तर रंग आहे की नाही असं वाटावं, पण होता. आईने वहिनीचं डोकं मांडीवर घेतलं आणि पेला तिच्या तोंडाला लावला. वहिनी प्यायली. सगळं प्यायली. पेल्याच्या तळाशी उरलेलं गुलाबी पाणी पाहून तिने माझ्याकडे पाहिलं आणि जीभ जराशी बाहेर काढली. मला वाटतं तिला हसायचं होतं. मग म्हणाली, "अजून."

आईने मला खूण केली. मी घागर वाकवली. पण तेवढ्यात आईचा हात मध्ये आला. जन्मभराचं भय असं एका घागरीने कसं जाणार? "जरा दम खा गो," आई म्हणाली, "पोटात राहू दे येवढं. मंग देते." वहिनी दोनदा "अजून" म्हणाली. त्यानंतर काही म्हणाली नाही. दिवस मावळायच्या आत ती गेली.

पाचव्या दिवशी बायकांनी विहिरीला न्हाऊ घातलं. काठाला तेल लावलं, हळदीचं पाणी सोडलं, काठावरच्या आसरांच्या सातही दगडांना कुंकू लावलं. आदल्या संध्याकाळी याच बायकांनी वहिनीला हिरवं लुगडं नेसवून तिचा मळवट भरला होता. विहिरीचं पाणी आता नितळ झालं होतं. औषध संपलं होतं. सगळ्यांनी हंडे भरून नेले.

दादा आठव्या दिवशी कसाऱ्याहून आला. निरोप पोचायलाच तेवढे दिवस लागले. तो पडवीत बसला, वहिनी बसायची त्याच जागी. त्याने एवढंच विचारलं, "पानी मागत व्हती का?"  

पुढल्या वर्षानंतर माझं कॉलेज सुटलं आणि मी शहापुरात मास्तर झालो. मुलांना मी शास्त्र शिकवतो. हळद-चुन्याचा प्रयोग दरवर्षी करतो. मुलं टाळ्या वाजवतात. औषधाचा जांभळा कण पाण्यात सोडायची वेळ आली की मात्र तो धडा मी नुसता वाचून दाखवतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जातो. तिथे अजूनही वैशाखात औषध पडतं आणि अजूनही विहीर बाहेर बसते. मी किती वेळा सांगितलं. चित्रं काढून सांगितलं, शाळेतून भिंगाची नळी नेऊन पाण्यातले किडे दाखवले. बायजाकाकू भिंगातून बघून म्हणाली, "हाईत खरं," आणि घरी गेली. आईला तर मी दर वर्षी सांगतो, "आय, ते औषध हाय गो." ती म्हणते, "आसंल." इतक्या सौम्यपणे म्हणते की पुढे काही बोलता येत नाही.

पण गावाला आता ओढ्यावर जावं लागत नाही. औषध पडलं त्याच संध्याकाळी आई घागर घेऊन विहिरीवर जाते. बायका मागे उभ्या राहतात. आई काठावर वाकून तेच म्हणते, "बाय, तुझा इटाळ माझ्या अंगावर. गावाला पानी दे." पहिली घागर ती भरते आणि बाजूला होते. मग बायजाकाकू आपला हंडा पुढे करते आणि तिच्या पाठोपाठ सगळ्या. गुलाबी पाणी घरोघर जातं. सरांनी सांगितलं होतं अगदी तसं.

आणि आई घरी येऊन पडवीत बसते. चार दिवस. सत्तरीला टेकलेली, केस पांढरे झालेली, ज्या गोष्टीशी तिचा आता काही संबंध उरलेला नाही, ती तिच्या अंगावर घेऊन. चुलीला शिवत नाही, मडक्याला हात लावत नाही. वेगळ्या ताटात जेवते, घोंगडीवर निजते. दादा तिला आत ये म्हणून सांगून थकला. मीही थकलो. ज्या पायरीवर बसून मी वहिनीला राख आणि चुना शिकवला, त्याच पायरीवर जाऊन बसतो, हातभर लांब. तिला समजावून सांगण्यासारखं माझ्याजवळ आता काही नाही.

तिने भांड्याला शिवायचं नाही म्हणून पाणी वरून ओतावं लागतं. ती दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडाशी धरते. मी तांब्या वाकवतो. तिच्या सुरकुतलेल्या ओंजळीत पाणी किंचित गुलाबी दिसतं. ती डोळे मिटून पिते. तांब्या संपत आला असं वाटून मी हात आवरता घेतो, तर ती ओंजळ तशीच धरून ठेवते.

"अजून घाल," ती म्हणते. "घालत राहा रे. मी पुरं म्हनंपर्यंत घालत राहा."